महिन्याचं बजेट का फसतं? सात, तीस आणि तीनशे पासष्ट दिवसांचा हिशेब



नेट-जेआरएफ झालं, पेट झाली, गाईडशी बोलणंही झालं, की पीएचडीला येऊ घातलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "फेलोशिपमध्ये भागतं का हो?" त्यावर "काटकसर केली तर भागतं" असं ठरलेलं उत्तर मिळतं. हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून करायचं काय ते कळत नाही. शिवाय पैसे पुरले नाहीत तर तुम्ही उधळे आहात, असंही त्यातून सुचवलं जातं.

या लेखात मी वेगळी बाजू मांडणार आहे. बहुतेक बजेटं मोजमाप चुकल्यामुळे फसतात आणि ही चूक संशोधन पद्धतीच्या पुस्तकात जिची आपण उजळणी करतो, तीच असते. म्हणजे घरखर्चाचा हिशेब आणि संशोधनाची तयारी एकाच वहीत होऊ शकते.

आधी एक छोटा प्रयोग करा. मागच्या महिन्यात तुमचा एकूण खर्च किती झाला, तो आकडा कागदावर लिहा. काही न बघता. मग बँकेचं स्टेटमेंट उघडा, रोखीने दिलेले पैसे आठवून त्यात मिळवा आणि दोन आकड्यांतला फरक काढा. हा फरक घेऊन पुढे वाचा.

आठवण हे मोजण्याचं साधन आहे, आणि ते वाकडं आहे

आपल्या देशातली कुटुंबं कशावर किती खर्च करतात, हे शोधण्यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण करतं. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आला. आपल्या कामाचा भाग पुढे आहे: हे आकडे काढले कसे?

सर्वेक्षक घरी येतो आणि विचारतो. माणूस आठवून सांगतो. पण "महिन्याभरात भाजी कितीची आणली?" असं विचारलं तर बरंचसं विसरलेलं असतं. उलट "गेल्या आठवड्यात कपडे घेतले का?" असं विचारलं तर बहुतेक घरांतून "नाही" येईल, आणि वर्षभर कोणी कपडेच घेत नाही असं चित्र दिसेल. म्हणून प्रश्नागणिक कालावधी बदलतात. भाजी, फळं, अंडी, मासे-मटण, खाद्यतेल यांच्यासाठी मागचे ७ दिवस. धान्य, डाळी, इंधन, भाडं यांच्यासाठी ३० दिवस. कपडे, पादत्राणं, शिक्षण, रुग्णालयात भरती होण्याचा खर्च, टिकाऊ वस्तू यांच्यासाठी ३६५ दिवस. याला स्मरणकाळ म्हणू या.

स्मरणकाळ ही किरकोळ तांत्रिक बाब वाटत असेल, तर १९९९-२००० ची ५५वी फेरी बघा. त्या वेळी खाद्यपदार्थांसाठी ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन्ही प्रश्न शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला असणार, असा आक्षेप अर्थतज्ज्ञांनी घेतला. ३० दिवसांचे आकडे वर खेचले गेले असतील, तर गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचा अधिकृत निष्कर्षही तितकाच डळमळीत होतो. यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की देशाच्या गरिबीचा आकडा हलतो. मग तुमच्या डायरीतल्या आकड्याचं काय?

तुम्ही जेव्हा "माझा महिन्याचा खर्च" असं म्हणता, तेव्हा सगळ्या खर्चांना एकच ३० दिवसांची पट्टी लावता. चहा-वडापाव त्यातून गळतो, कारण तो आठवत नाही. आणि विद्यापीठाची फी गळते, कारण ती या महिन्यात भरलेली नसते.

"या महिन्यात जरा जास्तच झालं"

हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हटलं आहे? मागच्या महिन्यात मित्राचं लग्न होतं. त्याआधी चष्मा फुटला. त्याआधी दिवाळी. त्याआधी वडिलांच्या तपासण्या. प्रत्येक वेळी आपल्याला वाटतं, हा महिना अपवाद होता, पुढचा नेहमीसारखा असेल. तो "नेहमीसारखा" महिना काही येत नाही.

ॲबिगेल ससमन आणि ॲडम ऑल्टर यांनी २०१२ साली नेमका हाच प्रकार अभ्यासला. त्यांच्या निष्कर्षाचं सार असं: रोजच्या खर्चाचा अंदाज लोकांना बऱ्यापैकी येतो, पण अपवादात्मक खर्च एकूण किती होतील याचा अंदाज कमी पडतो. कारण असा प्रत्येक खर्च आपण सुटा, एकदाच होणारा म्हणून बघतो. लग्न एकदाच, चष्मा एकदाच, लॅपटॉपची बॅटरी एकदाच. सुटे सुटे हे सगळे दुर्मिळ असतात. त्यातलं काहीतरी घडणं मात्र दर महिन्याचंच असतं.

याच्या शेजारी २०२२ चा आणखी एक अभ्यास ठेवा, ज्यात ससमनही सहलेखिका आहेत. पुढच्या काळातल्या खर्चाचा अंदाज बांधताना लोक डोळ्यांसमोर नेहमीचा आठवडा आणतात. पण खर्चाचं वितरण एका बाजूला झुकलेलं असतं: बरेचसे आठवडे साधारण, आणि थोडे फार महाग. सरासरी आणि बहुलक यांच्यातला फरक आपण पेपर एकसाठी पाठ करतो ना, तोच हा. आपण बहुलकावरून बजेट करतो आणि पैसे सरासरीने जातात. या अभ्यासातला उपाय अगदी साधा होता. अंदाज बांधण्याआधी "या वेळचा खर्च नेहमीपेक्षा वेगळा का असू शकेल, याची तीन कारणं सांगा" असं विचारलं. तेवढ्यानेही अंदाज खऱ्याच्या जवळ गेले.

तिसरा अभ्यास गुल्डन उल्कुमेन, मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांचा, २००८ चा. पुढच्या महिन्याचं बजेट करायला सांगितलं तर लोकांचे आकडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी पडले, आणि पुढच्या वर्षाचं करायला सांगितलं तर ते प्रत्यक्षाच्या जास्त जवळ गेले. उलट वाटतं ना? कारण रंजक आहे. महिन्याचा अंदाज सोपा वाटतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. वर्षाचा अंदाज अवघड वाटतो, आपली खात्री नसते, म्हणून आपण आकडा थोडा वर सरकवतो. आणि तोच बरोबर ठरतो.

तिन्ही अभ्यासांचं एक तात्पर्य: बजेट वर्षाचं करा, महिन्याचं नंतर त्यातून काढा.

तीन रकान्यांचं पान

आता प्रत्यक्ष करू. खालचे खर्च मी समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा, एक विद्यार्थिनी विद्यापीठाच्या होस्टेलवर राहते आणि तिला जेआरएफ आहे, म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून लागू असलेल्या दराने महिना ३७,००० रुपये. वर्षाचे ४,४४,०००.

पहिला रकाना, ७ दिवसांचा: चहा-नाश्ता, बाहेरचं जेवण, फळं, रिक्षा-बस, झेरॉक्स. आठवड्याला १,४००. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे ७२,८०० रुपये.

इथे जरा थांबा. आपण सहसा आठवड्याचा खर्च चारने गुणतो आणि महिना काढतो. ४ गुणिले १२ म्हणजे ४८ आठवडे. उरलेले चार आठवडे आपण जेवत नाही का? फक्त या गुणाकारात ५,६०० रुपये गायब होतात.

दुसरा रकाना, ३० दिवसांचा: मेस ४,५००, मोबाइल-इंटरनेट ५००, साबण-तेल-लॉन्ड्री-किरकोळ औषधं १,२००, घरी पाठवायचे १०,०००. एकूण १६,२००. वर्षाचे १,९४,४००.

तिसरा रकाना, ३६५ दिवसांचा:
- विद्यापीठाची फी: १८,०००
- होस्टेलची फी: १५,०००
- फिल्डवर्क: २४,०००
- परिषदा, नोंदणी, प्रवास: २०,०००
- दिवाळी, कपडे: १२,०००
- गावी जाणं-येणं: ९,०००
- लग्नं, आहेर: ८,०००
- दवाखाना, दात, चष्मा: १०,०००
- लॅपटॉपची दुरुस्ती, किंवा नव्यासाठी बाजूला: १२,०००

एकूण १,२८,०००. महिन्याला वाटून १०,६६७.

तिन्ही रकान्यांची बेरीज ३,९५,२००. शिल्लक ४८,८००, म्हणजे महिन्याला साधारण ४,०७०.

आता याच मुलीने नेहमीच्या पद्धतीने, फक्त महिना डोळ्यांसमोर ठेवून हिशेब केला असता तर? आठवड्याचे १,४०० गुणिले ४ म्हणजे ५,६००. अधिक १६,२००. एकूण २१,८००. ३७,००० मधून वजा जाता शिल्लक १५,२००.

पंधरा हजार शिल्लक दिसत असेल, तर माणूस काय करतो? घरी दहाऐवजी पंधरा पाठवतो. किंवा हप्त्यावर फोन घेतो. किंवा होस्टेल सोडून मित्रांबरोबर फ्लॅट घेतो आणि डिपॉझिट भरून बसतो. यातलं काहीच उधळपट्टी नाही. समोर दिसणाऱ्या आकड्यावरून घेतलेले हे समंजस निर्णय आहेत. आकडाच चुकीचा आहे.

यातला घरी पैसे पाठवण्याचा भाग सगळ्यात नाजूक. आपल्यापैकी अनेकांच्या घरी फेलोशिप म्हणजे नोकरीच समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. एकदा पंधरा हजार पाठवायला लागलात की घरचा हिशेब त्यावर बसतो: भावाची फी, सोसायटीचं कर्ज, आईची औषधं. सहा महिन्यांनी "आता दहाच जमतील" हे सांगणं फार जड जातं. मग माणूस ते सांगत नाही; फिल्डवर्क पुढे ढकलतो, परिषदेला जात नाही, मित्राकडून उसने घेतो. खर्चाची कात्री शेवटी संशोधनावर चालते, कारण प्रबंध तक्रार करत नाही. म्हणून घरी पाठवायची रक्कम वर्षाचं पान भरल्यावरच ठरवा, आणि शक्य असेल तर ते पान घरच्यांबरोबर बसून भरा.

पैसे महिन्याला येत नाहीत, भूक मात्र रोज लागते

वरच्या हिशेबात मी एक सोयीचं गृहीतक धरलं आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल: ३७,००० रुपये दर महिन्याला येतात. फेलोशिप घेणाऱ्या कोणालाही विचारा. हजेरीपत्रक, सही, पडताळणी, मंजुरी, यात पैसे अडकतात आणि मग काही महिन्यांचे एकदम येतात.

'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' हे २००९ चं पुस्तक इथे उपयोगी आहे. त्याच्या लेखकांनी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका इथल्या अडीचशेहून जास्त कुटुंबांच्या पैशांच्या नोंदी ठेवल्या. साधारण दर पंधरवड्याला भेट, वर्षभर. एकदाच जाऊन प्रश्नावली भरून आणली असती, तर त्यांना फक्त उत्पन्न कमी आहे एवढंच दिसलं असतं. पुन्हा पुन्हा गेल्यामुळे दिसलं की उत्पन्न कमी असण्याच्या जोडीला ते अनियमित असणं आणि कधी येईल याचा भरवसा नसणं, ही वेगळी आणि मोठी अडचण आहे. ती कुटुंबं सतत पैसे इकडून तिकडे फिरवून ही अडचण सोडवत होती. आपली अडचण त्यांच्याइतकी बिकट नाही, पण जात तीच आहे.

यावर उपाय: स्वतःला पगार द्या. फेलोशिप ज्या खात्यात येते ते खातं रोजच्या खर्चाला वापरू नका. दुसरं खातं ठेवा आणि १ तारखेला त्यात ठरलेली रक्कम वळती करा. आपल्या उदाहरणात ती पहिल्या दोन रकान्यांची, म्हणजे सुमारे २२,३०० रुपये. यूपीआय फक्त या दुसऱ्या खात्याला जोडा.

फेलोशिप तीन महिने लांबली, तर याच दराने साधारण ६६,८०० रुपये हाताशी लागतील. महिन्याच्या ४,०७० रुपये शिल्लकीतून एवढे जमायला सोळा-सतरा महिने जातील. म्हणून थकबाकी एकदम येईल तेव्हा पहिली भर इथे घाला.

हे लिहायला सोपं, करायला अवघड. का, ते रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली मांडलेल्या मानसिक हिशेबाच्या कल्पनेतून कळतं. खरं तर रुपया सगळीकडे सारखाच. पण डोक्यात आपण त्याला वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो: पगाराचा रुपया, बक्षिसाचा रुपया, दिवाळीच्या ओवाळणीचा रुपया. सहा महिन्यांची थकबाकी २,२२,००० म्हणून एका दिवशी जमा झाली की ती बक्षिसाच्या डब्यात पडते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग मागच्या सहा महिन्यांत खाऊन झालेला असतो. मेसवाल्याकडे, मित्राकडे, घरी.

ठरवलेलं टिकवायचं कसं

थेलर यांची कल्पना आपल्या बाजूनेही वापरता येते. डाळीच्या डब्यात पैसे लपवणाऱ्या आज्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

दिलीप सोमण आणि अमर चीमा यांचा २०११ चा अभ्यास भारतातल्या ग्रामीण भागातल्या बांधकाम मजुरांबरोबर केलेला आहे. पगाराच्या दिवशी बचतीची रक्कम पाकिटात बंद करून घरीच ठेवायची, एवढीच योजना. काहींना एक पाकीट दिलं, काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत विभागून. काहींच्या पाकिटावर त्यांच्या मुलांचा फोटो होता. दोन पाकिटांत ठेवणाऱ्यांची बचत जास्त झाली, फोटोमुळेही वाढली. पाकीट फाडणं म्हणजे एक निर्णय. दोन पाकिटं म्हणजे दोनदा विचार.

यावरून तिसऱ्या रकान्यासाठी दोन-तीन आवर्ती ठेवी काढा आणि त्यांना नावं द्या: "फिल्डवर्क", "फी", "घर-दवाखाना". दहा नकोत, हिशेब ठेवतानाच दमाल. भिशीचा अनुभव असेल तर हे नवं वाटणार नाही. तिथे व्याजापेक्षा जास्त काम करते ती चार लोकांत हप्ता चुकवण्याची लाज.

आणखी एक पळवाट आहे. परिषदेला गोव्याला गेलात आणि एक दिवस जास्त राहिलात. तो खर्च "परिषद" की "फिरणं"? ज्या डब्यात पैसे शिल्लक असतील, त्यात आपण तो खर्च बसवतो. चीमा आणि सोमण यांनी याच लवचीकपणावरही लिहिलं आहे. मुलाखतींचं कोडिंग करताना आपण आधी कोडबुक बनवतो, नाहीतर उत्तरं सोयीच्या गटात ढकलली जातात. खर्चालाही अर्ध्या पानाचं कोडबुक पुरे. नियम आधी लिहा, खर्च नंतर करा.

नोंदींबद्दल एक सूचना. यूपीआयचं स्टेटमेंट तारीख आणि रक्कम विसरत नाही, हा मोठा फायदा. पण ते "जनरल स्टोअर्स, ३४०" एवढंच सांगतं. त्यात साबण होता की चॉकलेट, ते सांगत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी दहा मिनिटं, आठवतंय तोवर प्रत्येक नोंदीसमोर रकाना लिहा. महिनाअखेरीला केलंत तर पुन्हा ३० दिवसांच्या स्मरणकाळात अडकाल.

या अभ्यासांवर कितपत विसंबायचं?

संशोधनाला निघालात, तर हे विचारलंच पाहिजे. अंदाज चुकण्याचे बरेच अभ्यास अमेरिकेत झालेले आहेत. परिणामाची दिशा आपल्याकडे तीच असेल असं मानायला कारण आहे. त्याचा आकार तोच असेल असं मानायला नाही. तसंच क्रेडिट कार्डाने माणूस जास्त पैसे मोजायला तयार होतो, असं प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली दाखवलं. तो निष्कर्ष यूपीआयला जसाच्या तसा चिकटवू नका. कार्डावर पैसे नंतर जातात, यूपीआयवर लगेच. तुमचा स्वतःचा सुरुवातीचा फरक, जो तुम्ही कागदावर काढला, तो तुमच्यासाठी यातल्या कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त कामाचा आहे.

दुसरी मर्यादा: बजेट पैसे निर्माण करत नाही. तुमच्याकडे जेआरएफ नसेल आणि तीन रकान्यांची बेरीज उत्पन्नापेक्षा जास्त आली, तर अजून काटकसर करा असं मी सांगणार नाही. तो निष्कर्ष आहे, आणि तो प्रवेशाआधी हातात असणं मोलाचं आहे. त्यावरून फिल्डची जागा घराजवळची निवडता येते. गाईडकडे प्रकल्पात जागा आहे का, हे विचारता येतं. सारथी, बार्टी, महाज्योतीसारख्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तुम्ही पात्र आहात का, ते तपासता येतं. किंवा एक वर्ष नोकरी करून मग यायचं ठरवता येतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात, सिनॉप्सिस अर्धवट असताना हे कळलं, तर यातले बरेच रस्ते बंद झालेले असतात.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. एक पान घ्या, तीन रकाने आखा. आधी तिसरा भरा, कारण तोच विसरला जातो. भरून झाल्यावर स्वतःला विचारा: येतं वर्ष नेहमीपेक्षा वेगळं का असू शकेल? तीन कारणं लिहा आणि प्रत्येकासमोर आकडा टाका. मग आठवड्याचा रकाना ५२ ने गुणा. ४८ ने नाही.